आधी काट्यावर या!

गेल्या महिन्यात औरंगाबादला उद्योजकांच्या एका परिषदेला जाण्याचा योग आला. विषय होता ‘शाश्वत उद्योग’. मंचामागे भलामोठा फ्लेक्स, प्रत्येक खुर्चीवर पाण्याची प्लास्टिकची बाटली आणि हातात गुळगुळीत कागदाची जाडजूड पुस्तिका. एक वक्ते मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, “कचऱ्यातून संपत्ती ही नवी संकल्पना आता आपल्याकडे रुजते आहे.” टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत होतो. मला हसू यायला हवं होतं, पण राग आला. कारण त्याच आठवड्यात अब्बांच्या दुकानाला नोटीस आली होती.

अब्बांचं भंगारचं दुकान आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, गेली चाळीस वर्षं. शहराच्या सौंदर्यीकरणात हे दुकान अडथळा आहे, सात दिवसांत जागा मोकळी करा, असं नोटिशीत लिहिलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर गावाचं लोखंड, पुठ्ठा, पत्रा, बाटल्या उचलून पुन्हा कारखान्याच्या दारात पोहोचवल्या, तो सौंदर्याच्या आड येतो. आणि अर्ध्या भरलेल्या बाटल्या टेबलावर सोडून जेवायला उठणारे लोक पर्यावरणाचे रक्षक ठरतात. हे मला मान्य नाही, म्हणून हा लेख.

पर्यावरणाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो पर्यावरणाच्या नावाने चाललेल्या पोकळ भाषेला. कचरा कमी करणं हे धंद्याच्या फायद्याचं आहे, हे शंभर टक्के खरं. पण ते भाषणात सिद्ध होत नाही, काट्यावर सिद्ध होतं. अब्बा म्हणतात, “जिसका भाव नै मालूम, उसकू लोगां कचरा बोलते.” मी व्यवस्थापनाची पुस्तकं बरीच वाचली. याहून नेमकी व्याख्या मला सापडली नाही.

आमच्या दुकानात छाटलेलं लोखंड ट्रक भरून जालन्याला जातं. जालना म्हणजे सळईचं गाव. तिथल्या भट्ट्यांमध्ये स्पंज आयर्नबरोबर भंगार वितळतं आणि त्यातून बांधकामाची सळई बनते. तुमच्या घराच्या स्लॅबमध्ये कदाचित कुणाच्या तरी मोडक्या नांगराचा फाळ असेल, कुणाची गंजलेली सायकल असेल. केंद्र सरकारचं पोलाद भंगार पुनर्वापर धोरण २०१९ साली आलं. त्यातच लिहिलं आहे की एक टन भंगार वापरलं की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. ॲल्युमिनियमचा हिशेब तर आणखी बोलका आहे. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम करायला जितकी ऊर्जा लागते, त्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जेत जुनं वितळून पुन्हा तयार होतं. म्हणून तर फेरीवाला घरोघरी ‘जर्मनची भांडी’ मागत फिरतो. त्याला ऊर्जेचं शास्त्र ठाऊक नसेल, पण त्या शास्त्राने ठरवलेला भाव त्याला तोंडपाठ असतो.

आता कारखानदारांकडे वळतो. वाळूजला छोट्या वर्कशॉपमध्ये माझं अनेक वर्षं जाणं-येणं आहे. आधी अब्बांबरोबर माल उचलायला, नंतर मित्र म्हणून. तिथे हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “हे पर्यावरण-बिर्यावरण मोठ्या कंपन्यांचे चोचले. आपल्याला परवडत नाही.” मी त्यांना एकच विचारतो, “तुमचं भंगार महिन्याला किती किलो निघतं?” बहुतेकांना सांगता येत नाही. पत्रा किती घेतला याची पावती फाइलला असते. किती वाया गेला, ते फक्त भंगारवाल्याला माहीत!

साधं गणित करू. समजा तुम्ही ६० रुपये किलोने पत्रा घेता आणि कापून उरलेला तुकडा ३० रुपयांनी विकता. म्हणजे भंगारात गेलेल्या प्रत्येक किलोमागे ३० रुपये गेले. १०० किलो पत्र्यात १८ किलो भंगार निघत असेल आणि कापण्याची आखणी सुधारून ते १२ किलोवर आणलं, तर १०० किलोमागे १८० रुपये वाचले. महिन्याला १० टन पत्रा लागत असेल तर १८ हजार, वर्षाला २ लाख १६ हजार. त्या वाया गेलेल्या पत्र्यावर खर्च झालेली वीज, मजुरी आणि मशीनचा वेळ यात धरलेलाच नाही. यासाठी परदेशी सल्लागार लागत नाही. कागदावर आकृत्या थोड्या जवळ सरकवाव्या लागतात आणि रोज संध्याकाळी भंगार तोलावं लागतं.

दुसरं उदाहरण लेथचं. पितळेचा बुरादा आणि लोखंडाचा बुरादा एकाच पिंपात झाडून टाकणारे किती तरी कारागीर मी पाहिले आहेत. पितळेचा भाव लोखंडाच्या दहापटीहून जास्त. मिसळलेल्या मालाला पितळेचा भाव कुणी देत नाही, कारण निवडायची मजुरी घेणाऱ्याच्या डोक्यावर पडते. दोन वेगळी पिंपं ठेवली की तोच कचरा महाग होतो. बुराद्यातलं कुलंट निथळू दिलं की ते गाळून पुन्हा वापरता येतं आणि जमिनीत मुरत नाही. यात पर्यावरण कुठे संपलं आणि धंदा कुठे सुरू झाला, हे मला दाखवून द्या.

ही काही आमची गावठी हुशारी नाही. अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीने १९७५ सालीच ‘प्रदूषण रोखण्यात फायदा आहे’ अशा अर्थाचं नाव देऊन कार्यक्रम सुरू केला. धुराड्यातून आणि गटारातून जे जातं, तो आपणच पैसे देऊन आणलेला कच्चा माल आहे, हा त्यामागचा विचार. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी ‘मुदा’ म्हणजे वाया जाणं हाच कारखान्याचा शत्रू ठरवला. वाळूजच्या भिंतींवर त्या ‘मुदा’चे तक्ते लावलेले दिसतात. तक्त्याखाली पितळ आणि लोखंड एकाच पिंपात असतं, ते सोडा!

आणि महाराष्ट्राला तर जपानला जायचीही गरज नाही. साखर कारखान्याकडे बघा. उसाचं चिपाड, म्हणजे बगॅस, जाळून कारखाने स्वतःची वीज करतात आणि उरलेली विकतात. मोलॅसिसपासून इथेनॉल होतं. प्रेसमडचं खत होतं. नुसत्या साखरेवर ज्यांचं भागत नाही, असे कारखाने या ‘उरलेल्या’ मालावर तगून आहेत.

मग अडतं कुठे? अडतं ते जो माल कुणाच्याच काट्यावर चढत नाही तिथे. गुटख्याची पुडी, शाम्पूची पुडी, चिप्सचं चकचकीत पाकीट. प्लास्टिकच्या थरांना धातूचा मुलामा. हे थर वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. पाण्याची बाटली आम्ही उचलतो, तिचा धागा होतो. दुधाची पिशवी उचलतो, तिचा दाणा होतो. पुडी गटारात जाते, पावसाळ्यात मोहल्ल्यात पाणी शिरतं आणि दोष येतो मोहल्ल्यावर. पुडी बनवणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, जी वस्तू पुन्हा कधीच कुणी विकत घेणार नाही, ती तू बाजारात आणलीसच कशी?

इथे मी प्रामाणिक राहायला हवं. प्रत्येक कचरा कमी करणं फायद्याचंच असतं, असं नाही. पुडी कंपनीला परवडते, कारण ती उचलायचा खर्च दुसऱ्याच्या माथी आहे. तो खर्च कंपनीच्या वहीत घालणं हे कायद्याचं काम. त्यासाठी २०२२ मध्ये प्लास्टिक पॅकेजिंगसाठी विस्तारित उत्पादक जबाबदारीचे नियम आले. कंपनीने जितकं प्लास्टिक बाजारात टाकलं, तितक्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी तिची. ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडून प्रमाणपत्र घेऊ शकते. कल्पना उत्तम. पण २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे ६ लाख प्रमाणपत्रं बनावट निघाली. म्हणजे जे प्लास्टिक कुणी उचललंच नाही, ते कागदावर उचललं गेलं. आणि ज्यांनी खरोखर उचललं, त्या फेरीवाल्यांचं, गोणी पाठीवर घेतलेल्या बायांचं नाव कुठल्याच प्रमाणपत्रावर नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असं सांगितलं होतं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून उभी आहे. तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि तिने महापालिकेबरोबर काम करून दाखवलं. म्हणजे हे जमतं. आमच्या तालुक्यात का जमत नाही? कारण इथे भंगारवाल्याचं नाव ऐकलं की आधी संशय येतो. माल चोरीचा असणार. माणूस बाहेरचा असणार, बांगलादेशी असणार. फेरीवाल्याला गल्लीत अडवून आधार कार्ड मागणारी पोरं मी पाहिली आहेत. त्याच पोरांच्या घरची रद्दी तोच फेरीवाला पाच वर्षं नेत होता. या धंद्यात दलित आहेत, भटके आहेत, मुसलमान आहेत. ज्यांना दुसरा धंदा कुणी करू दिला नाही, ते इथे आले. समाजाने आधी माणसं उकिरड्यावर लोटली आणि आता उकिरड्याला भाव आल्यावर त्यांना उठायला सांगतो आहे.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवून मी थांबणार नाही. आपल्या लोकांनाही दोन गोष्टी ऐकवल्या पाहिजेत. रात्री गोदामामागे केबल जाळून तांबं काढण्याचा प्रकार बंद करा. पीव्हीसी जळाल्यावर निघणारा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. आणि हा धंदाही तोट्याचा आहे. जळून काळं पडलेल्या तांब्याला सोललेल्या चमकदार तांब्यापेक्षा कमी भाव मिळतो, वरचं पीव्हीसी विकता आलं असतं ते राख होतं ते वेगळंच. सोलायचं मशीन घ्या, चारजणांत मिळून घ्या. बॅटरी फोडून आम्ल नालीत सोडू नका. छाटणीला बसणाऱ्या बायांना हातमोजे द्या. दहा-बारा वर्षांची पोरं काट्याजवळ नकोत, शाळेत हवीत.

आणि कागदपत्रं करा. धातूच्या भंगारावर १८ टक्के जीएसटी आहे. ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून असं भंगार घेतलं, तर कर भरायची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर आली आहे. ही कटकट त्याला नको असेल, तर उद्या तो तुमचा माल नाकारेल. ‘आपण लहान माणसं, आपल्याला कोण विचारतं’ या भ्रमात राहिलो तर धंदा मोठ्या कंपन्या घेऊन जातील आणि आपण त्यांच्याच गोदामात रोजंदारीवर छाटणी करू. इस्राफ म्हणजे उधळपट्टी हराम आहे, हे आपण बयानात ऐकतो आणि वलीम्यात बिर्याणीचे पातेले ओतून देतो, तो विषय पुन्हा कधीतरी.

माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील काय करतात विचारलं तर तो ‘बिझनेस’ सांगतो, कसला ते सांगत नाही. परिषदेची ती पुस्तिका मी त्याला दिली. त्यात ‘सर्क्युलर इकॉनॉमी’वर बारा पानं होती. ती वाचून तो म्हणाला, “भाई, ये तो अब्बा का काम है.” मग बराच वेळ गप्प बसला.

नोटिशीला आम्ही लेखी उत्तर दिलं आहे. चाळीस वर्षांच्या वह्या काढून मागच्या एका वर्षाचा हिशेब त्याला जोडला आहे. लोखंड किती, पुठ्ठा किती, प्लास्टिक किती, सगळं किलोमध्ये. आम्ही जागा फुकट मागत नाही. गावाबाहेर पत्र्याची शेड द्या, भाडं घ्या, ओळखपत्र द्या, वजनाची नोंद तपासा. आणि हा माल आम्ही उचलला नसता तर तो घंटागाडीने उचलून डेपोवर टाकायला किती खर्च आला असता, तो आकडाही कळवा, असं शेवटी लिहिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

उद्योजकांनाही माझं तेच सांगणं आहे. पुढच्या परिषदेला फ्लेक्स लावू नका. मंचावर एक काटा ठेवा. आपापल्या कारखान्याचं एका दिवसाचं भंगार त्यावर चढवा, मग बोला. काटा नसेल तर अब्बांचा घेऊन जा. दुकान तोवर तिथे असेल तर.