नेपाळ की भूतान?

आमच्या पिंपरीत दिवाळी जवळ आली की एक प्रश्न हमखास निघतो. कंपनीला सुट्टी, शाळेला सुट्टी, भिशीही नेमकी लागलेली. मग जायचं कुठं? परवा स्टाफरूममध्ये एकीनं विचारलं, "तू दोन्ही पाहिलंस ना गं? नेपाळला जाऊ की भूतानला? दोन्हीकडे हिमालयच तर आहे!"

हिमालयच, पण तोंडवळा अगदी वेगळा.

नेपाळात बर्फ एकदम समोर उभा राहतो. पोखरा जेमतेम ८०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही खाली. आणि तिथून तीसेक किलोमीटरवर ६,९९३ मीटरचं माछापुच्छ्रे! सारंगकोटची टेकडी साधारण कळसूबाईएवढी उंच, पण गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते. गुडघे दुखणाऱ्यांची सोय.

आता माझी चूक ऐका. २०१८ साली सासूबाईंना मी मे महिन्यात नेलं. उन्हाळ्यात तिथली हवा धुरकट असते, हे विचारलंच नव्हतं. तीन पहाटे त्या शाल गुंडाळून गच्चीवर बसल्या, दिसलं काहीच नाही. चौथ्या दिवशी, रात्री पाऊस पडून गेल्यावर, दहा मिनिटं शिखर उघडलं. त्यांनी नुसते हात जोडले. तेव्हा जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जा.

भूतानात बर्फ दूर राहतो. दोचुला खिंडीतून आभाळ मोकळं असेल तर शिखरांची रांग दिसते, एवढंच. तिथं बघायचं ते रान. साठ टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे असं त्यांच्या राज्यघटनेतच आहे, आणि प्रत्यक्षात सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. पुनाखाला फो छू आणि मो छू या दोन नद्यांचा संगम, काठाला जुना किल्लेवजा मठ. ते नितळ पाणी बघून मला आपली पवना आठवली, आणि खरं सांगते, पोटात कालवलं. २००३ पासून तिथं गिर्यारोहणालाच बंदी आहे. ७,५७० मीटरच्या गंगखर पुनसुमवर अजून कुणाचं पाऊल पडलेलं नाही.

पण भूतान पायांनी बघायचा देश. २०२३ साली आम्ही गेलो तोवर सासूबाईंचे गुडघे पार गेले होते. पारोजवळचा कड्यावरचा तक्त्संग मठ म्हणजे दोन-अडीच तासांची चढण. ह्यांना आणि लेकीला त्यांनी वर पाठवलं, "मी इथून बघते" म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ खाली बसले. पाच वर्षांपूर्वी उलट क्रम ठेवला असता तर? घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय चालताहेत तोवर भूतान उरकून घ्या. नेपाळ मागाहूनही जमेल.

खर्चाचं म्हणाल, तर भूतानात आपल्याला माणशी दर रात्री १,२०० रुपये सरकारी शुल्क आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. आम्हा तीन मोठ्यांचे नि लेकीचे पाच रात्रींचे २१,००० झाले, हॉटेल-जेवण वेगळं. नेपाळात हे शुल्क नाही. आणि हो, मोठ्यांचा पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र आठवणीनं घ्या; नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका.