डोक्यावर ऊन, छतावर सोलर. तरी वीज गेल्यावर पंखा बंद का?

पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार बहुधा गुरुवार. ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून छतावर सोलर बसवलेल्यांना त्याच दिवशी कोडे पडते. ऊन कडक असते, पॅनल स्वच्छ असतात, पण महावितरणची वीज गेली की घरातला पंखाही थांबतो. इन्व्हर्टर मात्र बिघडलेला नसतो.

पॅनलमधून येते ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. घरातली उपकरणे चालतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या एसीवर. इन्व्हर्टरमधील इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन डीसीचे कमी-जास्त रुंदीचे तुकडे करतात. फिल्टर त्यातून गुळगुळीत लहर तयार करतो.

सकाळी पॅनलचा व्होल्टेज पुरेसा वाढला की इन्व्हर्टर जागा होतो. पण लगेच वीज देत नाही. आधी वायरिंगमध्ये गळती आहे का ते तपासतो, मग लाइनचा व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी. दोन्ही काही वेळ मर्यादेत राहिले, तरच आपली लहर लाइनच्या लहरीशी तंतोतंत जुळवून रिले जोडतो. स्क्रीनवरची उलटी मोजणी ती हीच. वीज परत आल्यावरही सोलर थोडे उशिरा सुरू होते, ते यामुळेच.

लाइनच गेली, तर लहर जुळवायची कशाशी? पण खरे कारण याहून गंभीर आहे. रोहित्र दोन्ही दिशांनी चालते. छतावरचे २३० व्होल्ट उलटे लाइनमध्ये गेले, तर रोहित्रापलीकडे त्यांचे ११ हजार व्होल्ट होऊ शकतात. आणि तिथे वायरमनचा हात तारेवर असतो. लाइन अर्थ करूनच काम करायचे असते, हे खरे. पण एकाच खबरदारीवर कुणाचा जीव सोडता येत नाही. म्हणूनच केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार अशा वेळी इन्व्हर्टरने दोन सेकंदांत वीज देणे थांबवावे लागते. याला ‘अँटी-आयलंडिंग’ म्हणतात.

मग बॅटरीवरचा घरगुती इन्व्हर्टर कसा चालतो? तो आधी घराला बाहेरच्या लाइनपासून तोडतो आणि स्वतःची लहर स्वतः तयार करतो. हायब्रिड सोलर इन्व्हर्टरही हेच करतो, पण अनुदान किलोवॅटवर मिळते, कमाल ७८ हजार रुपये. बॅटरीचा खर्च खिशातूनच. त्यामुळे जुना बॅटरी इन्व्हर्टर भंगारात काढण्याची घाई नको. त्याच्या आउटपुटवर सोलर जोडण्याचा जुगाड मात्र टाळावा. सोलर इन्व्हर्टर त्यालाच महावितरणची लाइन समजून वीज ढकलू लागला, तर जुना इन्व्हर्टर जळू शकतो.