बापाने क्लीनर व्हावे

सहल बिघडवायची असेल, तर पाऊस, पंक्चर किंवा पोटदुखी यांची वाट बघत बसायचं काही कारण नाही. घरातल्या चार मोठ्या माणसांना एकत्र बसवावं आणि सहलीची आखणी करायला सांगावं. उंबरठ्याबाहेर पाऊल पडण्याआधीच सहल आटोपलेली असते. हे मी स्वानुभवाने सांगतो आहे. आणि त्या चार माणसांतला पहिला मीच होतो, हेही आधीच कबूल करून टाकतो.

त्याचं असं झालं. आमचे चिरंजीव यंदा दहावीच्या परीक्षेतून मोकळे झाले. वय वर्षं सोळा. या वयाच्या मुलांच्या बापांना वेगळं सांगायला नको, पण ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांनी सावध असावं. सोळाव्या वर्षी मुलाचा शब्दसंग्रह आटत आटत तीन शब्दप्रयोगांवर येऊन थांबतो : ‘हं’, ‘काही नाही’ आणि ‘बघू’. पेपर कसा गेला? हं. चेहरा का असा? काही नाही. आत्याकडे येणार का? बघू. यातला ‘बघू’ तर मला फार झोंबतो. सरकारी कचेरीतला कारकून सुद्धा ‘उद्या या’ एवढं तरी म्हणतो.

एका विषयावर मात्र स्वारीची वाचा फुटते. मोटारगाड्या! गॅलरीत रस्त्याकडे पाठ करून बसलेला असला तरी खालून गेलेली गाडी कोणती, हे नुसत्या आवाजावरून सांगेल. असा हा मुलगा परवा जेवताना आपण होऊन म्हणाला, ‘‘बाबा, सुट्टीत आपण दोघंच कुठेतरी गाड्या बघायला जाऊ या?’’

सबंध वाक्य! कर्ता, कर्म, क्रियापदासकट! आणि वर ‘आपण दोघंच’! माझ्या हातातला घास हातातच राहिला.

त्याने ठिकाणंही काढून ठेवली होती. पहिलं अहिल्यानगरचं, म्हणजे 2024 पर्यंतच्या अहमदनगरचं, रणगाड्यांचं संग्रहालय. दुसरं अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांनी जमवलेल्या जुन्या गाड्यांचं. आणि तिसरं उदयपूरला, मेवाडच्या महाराण्यांच्या गाड्यांचं. मी लगेच पहिली चूक केली. म्हणालो, ‘‘अरे, तुला गाड्या बघायच्यात ना? मग रणगाडे कशाला?’’ त्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘‘तिथे रोल्स रॉईस आहे. चिलखती. खाली सांगाडा सिल्व्हर घोस्टचा.’’ रोल्स रॉईस ही फक्त संस्थानिकांनी हत्तीऐवजी वापरायची वस्तू, अशी माझी आजवरची समजूत. तिला पोलादी अंगरखा घालून लढाईवर पाठवत असत, हे मला पन्नाशी उलटल्यावर पोराकडून कळलं.

इथे थांबायला हवं होतं. पण मी पडलो जबाबदार पालक. रात्री फूलस्केप कागद घेतला, पट्टीने रकाने आखले : वार, वेळ, ठिकाण, अंतर, खर्च, शेरा. आणि तो कागद दुसऱ्या दिवशी रविवारच्या चहाला सर्वांसमोर ठेवला.

पहिली दुरुस्ती हिची. ‘‘अहिल्यानगरला जाताच आहात, तर शिर्डी करून या. देवाच्या दारावरून तसंच पुढे जाऊ नये.’’ मंजूर. आत्या म्हणाली, ‘‘वाटेत वडोद्याला आपल्या सुनेचं माहेर आहे. ते कधीचे बोलावताहेत. हॉटेलचे पैसे वाचतील.’’ मंजूर. मेहुणे व्यवहारी. त्यांनी चिरंजीवांनाच विचारलं, ‘‘ऑटोमोबाईल इंजिनिअरिंग करायचं नक्की आहे ना? नसेल, तर या सगळ्याचा उपयोग काय?’’ चिरंजीव म्हणाले, ‘‘बघू.’’ मेहुण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की, जणू पोराने घराण्याची अब्रू घालवली. शेजारचे निवृत्त हेडमास्तर चहाच्या वासावर आलेच होते. त्यांनी सुचवलं की, मुलाने रोज रात्री वहीत दहा ओळी टिपण लिहावं. पुढे मुलाखतीत सांगायला होतं.

मी सगळं लिहून घेतलं. शेऱ्याचा रकाना भरून वाहू लागला. संध्याकाळी कागद पक्का केला, तेव्हा त्यात रणगाड्यांना तीस मिनिटं होती आणि सुनेच्या माहेरच्या लोकांना साडेतीन तास. उदयपूर खर्चाच्या रकान्यात अडखळून खाली पडलं होतं.

चिरंजीवांनी कागद वाचला. शांतपणे माझ्या हातात परत दिला. म्हणाले, ‘‘बाबा, तूच जाऊन ये.’’

आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

रात्री झोप येईना. मग माझे वडील आठवले आणि त्यांची फियाट. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. पण तिला त्या नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्या काळात गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आमच्याकडे ती आली तीही दुसऱ्याची वापरलेली. वडील तिला पुसत, तेव्हा त्यांचा चेहरा पूजेला बसल्यासारखा दिसे. एका मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरला निघालो आणि खंबाटकीच्या घाटात गाडीला धाप लागली. बॉनेट उघडलं. वडील म्हणाले, ‘‘पळ, पाणी आण.’’ मी डबा घेऊन पळालो. त्यांनी फडकं भिजवून पेट्रोलच्या पंपावर ठेवलं आणि आम्ही दोघं कठड्यावर बसून पंप गार होण्याची वाट बघत राहिलो. एरवी ते मला मार्कांपलीकडे काही विचारत नसत. त्या अर्ध्या तासात त्यांनी मला पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत कसं जातं ते सांगितलं. मग ते स्वतः पहिल्यांदा मोटारीत कधी बसले ते सांगितलं. आणि मग, का कोण जाणे, त्यांच्या वडिलांविषयी सांगितलं. महाबळेश्वरचे पॉइंट मी त्या दिवशी किती पाहिले, देव जाणे. तो कठडा मात्र आजही दाखवू शकेन.

आता मला सांगा, हा कठडा कोणत्या रकान्यात बसतो?

सकाळी मी त्याच्या दारावर टकटक केली. आमच्या लहानपणी बापाने पोराच्या दारावर टकटक करण्याची पद्धत नव्हती; मुळात पोराला दारच नव्हतं. म्हटलं, ‘‘कागद फाडलाय. आता तू सांग.’’ बराच वेळ गेला. मग त्याने विचारलं, ‘‘बाबा, जगातली पहिली लांबची मोटारसहल कोणी केली, माहितेय?’’

मला माहीत नव्हतं. त्याने सांगितलं. कार्ल बेंझ या जर्मन माणसाने 1886 साली आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं, पण लोक काही ती घ्यायला धावले नाहीत. नवरा अंगणाबाहेर फार लांब जायचं नाव काढीना. तेव्हा 1888 च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था हिने एका पहाटे गाडी बाहेर काढली आणि नवऱ्याला न विचारता ती मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभराहून जास्त किलोमीटरवर, निघाली. आणि बरोबर कोण? तिचे दोन मुलगे. ऑयगेन पंधरा वर्षांचा आणि रिचर्ड तेरा!

फोर्झहाइमला काय होतं? तिची आई. म्हणजे जगातली पहिली लांबची मोटारसहल ही एक बाई दोन वाढत्या मुलांना घेऊन माहेरी गेली ती! हे ऐकल्यापासून आमच्या हिच्या मनात मोटारीविषयी एकदम आदर उत्पन्न झाला आहे.

वाटेत त्यांचं काय काय झालं! इंधन संपलं. पेट्रोल पंप नावाची चीज जगात नव्हती. वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण विकत घेतलं आणि ते टाकीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेची तार उघडी पडली, तिला मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेक झिजले, ते चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. आणि चढ आला की पोरं खाली उतरून गाडी ढकलत. घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गियर बसव.

गोष्ट संपवून चिरंजीवांनी विचारलं, ‘‘तिने टाइमटेबल केलं होतं?’’

मी खाली मान घातली. आणि तेव्हापासून समस्त आखणीबहाद्दरांशी माझं उघड भांडण सुरू झालं आहे.

माझं पहिलं म्हणणं, ज्याची आवड त्याची सहल. ऑयगेन आणि रिचर्ड हे मागच्या सीटवरचं सामान नव्हते. त्यांच्या ढकलण्यावाचून गाडी चढ चढत नव्हती. आपण आपल्या पोरांना सहलीत काय काम देतो? पाण्याची बाटली धरायची आणि फोटोत हसायचं. सोळा वर्षांच्या मुलाला आपण म्हणतो, ‘आता तू लहान नाहीस’. आणि जेवायला कुठे थांबायचं हे सुद्धा त्याला ठरवू देत नाही. मग पोरगं तीन शब्दांवर येईल नाही तर काय करील? चौथ्या शब्दाला आपण जागा ठेवलीय कुठे?

दुसरं म्हणणं मेहुण्यांसाठी. आवडीचा उपयोग विचारू नका. मराठी मध्यमवर्गात मुलाने तबल्यावर थाप मारली की विशारद कधी होणार, बॅट धरली की रणजीत कधी खेळणार, आणि गाडीकडे पाहिलं की इंजिनिअर होणार का, हे विचारायला माणसं टपलेली असतात. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी गेल्या शतकात आपल्या हिकमतीवर ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडवली. एकामागून एक नमुने केले. गाडी कारखान्यातून घाऊक बाहेर पडण्याचा योग काही आला नाही. मेहुण्यांच्या हिशेबाने हे सगळं फुकट गेलं. मला विचाराल, तर ज्या गावात कोणी असा वेडा निघतो त्या गावाकडे बघून मी मनातल्या मनात हात जोडतो. कौतुकाने बघणं ही सुद्धा माणसाची एक गरज आहे. तिला पगाराच्या पावतीला जोडायलाच हवं असं नाही.

तिसरं म्हणणं माझ्यासारख्या बापांसाठी. यावर कोणी म्हणेल, ‘‘म्हणजे काय, पोराच्या हातात चाक देऊन मोकळं व्हायचं?’’ मुळीच नाही. अठरा पूर्ण होऊन लायसन मिळेपर्यंत त्याने चाकाला हात लावायचा नाही, हे कायद्याइतकंच मीही बजावून सांगतो. चाकावर मी बसणार, पण हुद्दा क्लीनरचा घेणार. क्लीनरकडे नीट पाहिलंय तुम्ही? ट्रकवरचा हा माणूस हवा बघतो, पाणी बघतो, काच पुसतो, घाटात चाकामागे दगड लावतो, गाडी मागे घेताना पत्र्यावर थाप मारून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो. सगळ्यांची काळजी त्याच्याकडे असते. पण गाडी कुठे न्यायची, हे तो ठरवत नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या बापासाठी याहून योग्य नोकरी मला दिसत नाही. टायर, ब्रेक, कागदपत्रं, औषधांची पिशवी आणि रात्री गाडी न चालवण्याचा हट्ट, एवढं माझं. बाकी मालक सांगतील तसं.

घाई करण्याला कारणही आहे. दोन वर्षांनी हा कुठल्या तरी गावी शिकायला जाईल. मग तो घरी येईल तो पाहुण्यासारखा, आणि त्याच्या वेळापत्रकात माझ्यासाठी रकाना असेल की नाही, कोण जाणे. समोरासमोर बसून बोलायला आम्हा बापलेकांना संकोच वाटतो. गाडीत दोघांचीही तोंडं रस्त्याकडे असतात. तिथे बोलता येतं, आणि नाही बोललं तरी चालतं. मला सहा दिवस रणगाडे आणि रोल्स रॉईस बघायच्या नाहीत. त्या बघताना त्याला बघायचं आहे. पण हे त्याला सांगायचं नाही. क्लीनरने जास्त बोलू नये.

नवी आखणी त्याने एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर केली आहे. तीन ओळी आहेत : नगर, अहमदाबाद, उदयपूर. उदयपूर परत आलं, कारण ‘ऑक्टोपसी’ या 1983 च्या बाँडपटात वापरलेली 1934 ची रोल्स रॉईस तिथे आहे. तिच्यासाठी खर्चाचा रकाना रद्द करण्यात आला. शिर्डीही आहे, आईसाठी त्याने स्वतःच घातली. चौथी ओळ परतीच्या दोन दिवसांसाठी. तिथे त्याने लिहिलंय, ‘बघू’.

हा शब्द इतका चांगला असू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मेहुणे परवा पुन्हा विचारत होते, ‘‘मग काय ठरलं तुमचं?’’ मी गाडीची काच पुसत होतो. म्हटलं, ‘‘मालकांना विचारा.’’