सरकारी पैसे मिळतात, म्हणून दुसरं मूल?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना महामार्गावर किकवी लागतं. पुढे नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा. तिथल्या जिल्हा परिषदेने 2007 साली एक योजना काढली होती. लोक तिला ‘हनिमून पॅकेज’ म्हणत. लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर 5,000 रुपये, तीन वर्षं लांबवलं तर 7,500. आज दक्षिण कोरिया, हंगेरीसारखे देश उलट मुलं व्हावीत म्हणून पैसे देत आहेत.

उपयोग होतो का? थोडाफार. हंगेरीत दर स्त्रीमागे मुलांचं प्रमाण 2011 मध्ये सव्वाच्या आसपास होतं, 2021 पर्यंत 1.6 च्या जवळ गेलं आणि पुन्हा घसरलं. कोरियात एवढा खर्च होऊनही ते 2023 मध्ये 0.72 वर आलं. ज्यांना मूल हवंच आहे ते अशा मदतीमुळे निर्णय थोडा लवकर घेतात. नको असलेलं मूल पैशासाठी सहसा कुणी होऊ देत नाही. एकरकमी मदत काही महिन्यांत संपते. शाळेची फी आणि आईची सुटलेली नोकरी वर्षानुवर्षं पुरते!

महाराष्ट्रात हे प्रमाण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 1.7 होतं. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण 2.1 लागतं.

आता तुमच्या घराचं बघू. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर 6,000. “पैसे मिळतायत, होऊ दे दुसरं,” असं सासूबाई म्हणाल्या, तर त्यांना सांगा की हे बक्षीस नाही. गरोदरपणात बुडणारी मजुरी भरून निघावी, आईला विश्रांती आणि नीट आहार मिळावा, यासाठी ही रक्कम आहे. ती घरखर्चात गेली आणि सूनबाईंचं हिमोग्लोबिन आठवरच राहिलं, तर योजना कागदावर पूर्ण झाली एवढंच.

बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा किमान दोन वर्षांनी असावी. लगेच दिवस गेले तर आईचा रक्तक्षय वाढतो, बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोकाही वाढतो. पाळणा लांबवण्याची साधनं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

दिवस गेले असतील तर आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत लवकर नोंद करा. आधारशी जोडलेलं बँक खातं मात्र आईच्याच नावावर हवं.