आधी दोष सांगावा

गेल्या रविवारी सकाळी गंगापूर रस्त्याकडील एका मैदानावर आम्ही दीड तास हाती साखळी धरून उभे होतो. साखळीच्या दुसऱ्या टोकास आमच्या नातवाने लातूरकडून आणलेली कारवानी जातीची कुत्री होती. तिचे ‘चपला’ हे नाव आमचेच. आम्हांस त्यात वीज दिसते. घरातील मुलांना दाराबाहेरच्या वहाणा दिसतात. पस्तीस वर्षे संस्कृत शिकविलेल्या मास्तरांनी उतारवयात हे काय आरंभिले, असे काही स्नेह्यांनी विचारले. त्यांच्यासाठी हा खुलासा.

पाश्चात्त्यांचा ग्रेहाउंड व आपला कारवानी हे एकाच प्रकृतीचे श्वान. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, आणि वासापेक्षा दृष्टीवर भिस्त. व्यापारी तांड्यांबरोबर यांचे पूर्वज मध्य आशियाकडून दक्षिणेत आले, असे मानतात. यांनाच मुधोळ हाउंड असेही म्हणतात. कारण मुधोळच्या घोरपडे राजांनी या वंशाची निगा राखली. मालोजीराव घोरपड्यांनी यांची एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांस नजर केली होती. २००५ साली टपाल खात्याने देशी श्वानांची जी चार तिकिटे काढली, त्यांत एक मुधोळचे होते.

एवढा लौकिक असूनही या जातीचा पिढीजात धंदा आज बसला आहे. सशामागे धावणे हेच यांचे काम. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला जागा उरली नाही. ग्रेहाउंडांवरही निराळ्या वाटेने तोच प्रसंग आला. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात मतदारांनी २०१८ साली श्वानांच्या शर्यती बंद करण्याचा कौल दिला, व २०२० च्या अखेरीस त्या थांबल्या. शर्यतीतून निवृत्त झालेल्या या श्वानांस घरे मिळावीत म्हणून तिकडील गृहस्थ सुटीच्या दिवशी आपला पाळीव ग्रेहाउंड घेऊन दुकानाच्या दाराशी किंवा जत्रेत उभे राहतात. लोक येतात, हात लावून पाहतात, शंका विचारतात. ह्या सेवेस वेतन नाही. निवृत्तास निवृत्ताची कणव यावी हे स्वाभाविकच. म्हणून नातवाने व त्याच्या मित्रांनी येथे तसाच उपक्रम मांडताच आम्हीही त्यांत सामील झालो.

घरी प्रथम सोवळ्याचा प्रश्न निघाला. आमच्या मातोश्रींच्या काळी कुत्रे ओसरीवर चढले तर ओसरी सारवीत असत. देवघर व स्वयंपाकघर वर्ज्य, बाकी घर मोकळे, असा तह झाला. तो चपलेने अद्याप मोडलेला नाही. आमच्या धाकट्या नातवाने मात्र दोनदा मोडला.

आता मुख्य गोष्ट. ती सांगण्यास संकोच वाटतो, पण सांगितलीच पाहिजे. श्रोते दिसले की मास्तराची जीभ सैल सुटते. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी आम्ही मुधोळची कथा, टपालाचे तिकीट, वाऱ्याशी स्पर्धा करणारा वेग, असे सारे रंगवून सांगितले. ऐकणाऱ्यांतील एका कुटुंबाने महिन्याभरात कोठून तरी या जातीचे पिल्लू विकत आणले. बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर, आणि दिवसभर घरी कोणी नाही. पिल्लाने दारांच्या चौकटी कुरतडल्या. एके दिवशी मांजरामागे ते रस्त्यावर धावले, आणि वाहनाखाली येता येता वाचले. आठव्या महिन्यात ते गृहस्थ त्यास घेऊन आमच्या दाराशी आले व म्हणाले, “मास्तर, तुम्हीच सांगितलं होतं.”

आम्ही खोटे बोललो नव्हतो; पण अर्धेच बोललो होतो. आणि अर्धे सांगणे हा शिक्षकाचा मोठा अपराध. दिंडोरीकडील एका द्राक्षबागाईतदाराने त्यास कुंपणाच्या आत जागा दिली, त्यास तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत ते जनावर आमच्या फाटकाकडे तोंड करून बसून असे. जे येणार नव्हते त्यांची वाट पाहत असे.

तेव्हापासून आमचा क्रम उलटा झाला आहे. आता आधी दोष सांगतो. याची नजर एकदा सावजावर बसली की हाक ऐकू जात नाही. म्हणून कुंपण नसलेल्या जागी साखळी सोडू नये. मांजर असलेल्या घरी हे आणू नये. अनोळखी माणसाची सलगी यास सोसत नाही. केस आखूड व अंगावर चरबी बेताची, म्हणून नाशिकच्या थंडीत यास पांघरूण लागते. दहा-बारा वर्षांचे हे बंधन आहे. “फासळ्या दिसतात; याला जेवू घालीत नाही काय?” असे विचारणारास बांधा समजावून सांगावा, रागावू नये. आणि जनावराने शेपूट पोटाशी घेतली, जांभया दिल्या, तोंड फिरविले, की गर्दी कितीही असो, घरी निघावे. रविवारी चपलेने तसे केले, तेव्हा आम्ही व्याख्यान अर्ध्यावर सोडले.

त्या सकाळी चौघांनी उत्सुकता दाखविली. दोष ऐकून तिघे परत गेले. नातवाचे तोंड उतरले. आम्ही मात्र समाधानी होतो. चौथ्या बाई मळ्यात राहणाऱ्या. त्यांनी पत्ता घेतला आणि सासूबाईंस घेऊन पुन्हा येईन, असे सांगितले. घरातील वडीलधाऱ्यांस विचारणाऱ्यावर आमचा भरवसा बसतो. कारण जनावराची सेवा अखेर साऱ्या घराच्या वाट्यास येते.

महाप्रस्थानाच्या वाटेवर मागे आलेल्या श्वानास सोडून रथात बसण्यास धर्मराजाने नकार दिला, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविले. त्याचा अर्थ आम्हांस त्या फाटकापाशी कळला. सोडणार नाही एवढा निश्चय असेल तरच जवळ करावे. आणि ज्यास तो निश्चय करावयाचा आहे, त्यापासून आपण काही लपवू नये.