तापलेला समुद्र आणि आपली जाळी

दिल्लीच्या मासळी बाजारात बर्फावर मांडलेल्या पापलेटांपाशी मी नेहमी थबकतो. त्यांतली बरीचशी आता तळहातावर मावतात. महाराष्ट्राने 2023 मध्ये ज्याला राज्यमासा घोषित केले, त्याचीच ही पिल्ले. त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला. मासे इतके लहान का, असे विचारल्यावर विक्रेता म्हणाला, ‘साहब, समंदर गरम हो गया है.’ शासकीय बैठकांतही हेच उत्तर अधिक सभ्य शब्दांत ऐकू येते.

हे उत्तर खोटे नाही. अरबी समुद्र तापतो आहे. पूर्वी प्रामुख्याने मलबार किनाऱ्यावर मिळणारी तारली उत्तरेकडे पसरल्याचे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदविले आहे. केरळात 2012 मध्ये सुमारे 4 लाख टन तारली मिळाली होती. 2021 मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही आत आली. समुद्रातील बदलांबरोबरच पिल्लांची बेसुमार मासेमारी हेही त्याचे एक कारण होते.

ही दोन कारणे परस्परांपासून वेगळी नाहीत. मोठी, वयस्क मादी लहान मादीच्या कित्येक पट अंडी घालते. समुद्रात सर्व वयांचे मासे असतील, तर एखादा वाईट हंगाम निभावून जातो. मोठे मासे आधीच काढून घेतले आणि पिल्लेही जाळ्यात गेली, तर तोच हंगाम घातक ठरतो. शिल्लक उडविलेल्या कुटुंबावर दुष्काळ यावा, तसे हे आहे.

स्कॉट गॉर्डन यांनी 1954 मध्येच दाखवून दिले होते की, खुल्या मत्स्यक्षेत्रात प्रत्येकाचे शहाणपण सर्वांचे नुकसान करते. म्हणूनच तेथे शासनाची गरज असते. आपल्याकडे मात्र किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यसूचीत, तर त्यापलीकडची संघसूचीत. माशाला ही सीमा ठाऊक नाही. जबाबदारी टाळण्यासाठी ती आपल्याला मात्र उपयोगी पडते.

हवामानबदल हा मासेमारी आवरण्याचा युक्तिवाद आहे, न आवरण्याची सबब नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्राचे तापमान कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याच्या हाती नाही. जाळ्याच्या भोकांचा आकार, बंदरावरील तपासणी आणि अनुदानाची दिशा या गोष्टी शासनाच्या हाती आहेत. किमान आकाराचा नियम बंदरावर पाळला गेला, तर दिल्लीपर्यंत पिल्ले पोहोचणारच नाहीत. त्यासाठी डोल जाळीवर जगणाऱ्या लहान मच्छीमाराला संक्रमणकाळात भरपाई द्यावी लागेल. अधिक शक्तीच्या यंत्रनौकांना साहाय्य देण्यापेक्षा हा खर्च मला अधिक न्याय्य वाटतो.

त्या दिवशी मी पापलेट घेतले नाही. माझ्या एकट्याच्या त्यागाने समुद्र भरणार नाही, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला कळते. म्हणूनच तर नियम करावे लागतात, आणि केलेले नियम पाळवून घ्यावे लागतात.