वाळवंटातील निवृत्ती आणि जुलैचा हिशेब
अमेरिकेतील फिनिक्सजवळ १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ ही निवृत्तांची वसाहत खुली झाली आणि उत्तरेकडील बर्फाला कंटाळलेल्या ज्येष्ठांना अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटाची वाट सापडली. घर पाहायला येणारे बहुधा हिवाळ्यात येतात. तेव्हाचे कोवळे ऊन कोणालाही मोहात पाडेल. जुलैचे गणित निराळे. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर होते आणि त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने ६४५ बळी घेतले. त्यांत बेघर बरेच होते, हे खरे. परंतु घरात दगावलेल्यांपैकी बहुतेकांकडे वातानुकूलन यंत्र होते, ते चालत नव्हते एवढेच. स्थलांतराच्या अंदाजपत्रकात घराची किंमत आणि कर काटेकोरपणे मांडले जातात. यंत्राची दुरुस्ती व उन्हाळ्यातील वीजबिल मात्र किरकोळ खर्चात ढकलले जाते. २०१८ मध्ये याच परिसरात ५१ डॉलरच्या थकबाकीपायी वीज तोडलेल्या एका वृद्धेचा उष्म्याने मृत्यू झाला. उन्हाळ्यात वीज तोडण्यास राज्याच्या नियामक आयोगाने मनाई केली ती त्यानंतर, २०१९ मध्ये. पासष्टीत घेतलेल्या घरात ऐंशीव्या वर्षीही राहायचे असते. तेव्हा गाडी चालवता येत नसेल, तर यंत्र दुरुस्त होईपर्यंत कोणाकडे जाऊन राहायचे, याचे उत्तर घर घेण्यापूर्वीच शोधावे लागते.